सागरी व्यापाराचे स्वदेशी शिल्पकार : शेठ वालचंद हिराचंद

श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ज्याने लहानपणी ऐकली नाही असा जैन माणूस विरळा. त्या कथेत धवल शेठची जहाजे माल भरून दूरच्या बंदरांना जातात, वादळात सापडतात, अडकतात आणि पुन्हा मार्गी लागतात. समुद्रपर्यटन हा आपल्या पूर्वजांच्या व्यापाराचा एक भाग होता, याची ही कथा साक्ष देते. पुढे काळ फिरला. माल आपला, मजूर आपले, बंदरे आपली. पण जहाज मात्र परक्याचे, अशी स्थिती आली. ही स्थिती पालटण्यासाठी ज्या पुरुषाने आयुष्याची तीन दशके वेचली, तो सोलापूरच्या एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मला होता. शेठ वालचंद हिराचंद हे त्यांचे नाव.

जन्म आणि संस्कार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातमधील. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात येऊन स्थिरावले होते. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. वडील हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. समाजसुधारणेची त्यांना तळमळ होती. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू करून त्यांनी मराठी भाषक जैन समाजात विचारजागृतीचे मोठे कार्य केले. आई मात्र वालचंदांच्या जन्मानंतर अल्पावधीतच निवर्तली.

सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर वालचंदांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले. पण पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या पेढीवर परतावे लागले. घरचा धंदा चालता होता, पत होती. त्याच गादीवर बसून आयुष्य सुखाने घालवता आले असते. परंतु व्याजबट्ट्याच्या बैठ्या व्यवहारात या तरुणाचे मन रमले नाही.

रुळांवरून समुद्राकडे

त्याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक यांची गाठ पडली. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ऐपत होती. या भागीदारीने बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला. पुढे टाटा कन्स्ट्रक्शनशी हातमिळवणी झाली. बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी नळवाहिनी ही त्या काळातील मोठी कामे त्यांच्या नावावर जमा आहेत. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

या ठेकेदारीने त्यांना दोन गोष्टी शिकविल्या. मोठे काम अंगावर घेण्याचे धाडस ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची होती. सरकारचा हात पाठीशी असेल तर उद्योग कसा वाढतो आणि तोच हात आखडला तर कसा खुंटतो, हे त्यांनी अगदी जवळून पाहिले.

एका बोटीची गोष्ट

पहिले महायुद्ध संपले होते. १९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईला येताना ग्वाल्हेर महाराजांची ‘लॉयल्टी’ नावाची बोट विकावयाची आहे, अशी वार्ता वालचंदांच्या कानी आली. ही मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ती घेऊन युद्धकाळात रुग्णनौका म्हणून वापरली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मातब्बरांच्या साथीने वालचंदांनी ती खरेदी केली. २७ मार्च १९१९ रोजी साडेचार कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलाची सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हाच दिवस १९६४ पासून भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हे साहस किती मोठे होते हे कळण्यास मागचा इतिहास पाहावा लागतो. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी संधान बांधून चीन-जपानकडे कापूस आणि सूत नेणारी बोटसेवा सुरू केली होती. पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीने दर इतके पाडले की टाटांना माघार घ्यावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्यामागे तिचे सरकार होते. १८९६ मध्ये जपानने कायदा करून नौकानयनास आणि जहाजबांधणीस अनुदान देऊ केले. १९०६ मध्ये तुतिकोरीनला चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी बोट कंपनी काढली. तिच्या वाट्यास दरयुद्ध आले आणि पिल्लै यांच्या वाट्यास तुरुंगवास.

आणखी एक योगायोग व्यापारी माणसाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे. ज्या १९१९ साली ‘लॉयल्टी’ने नांगर उचलला, त्याच साली ब्रिटिश सरकारने आपल्या निर्यातदारांसाठी निर्यात पतखाते उघडले. परदेशातील गिऱ्हाइकाने पैसे बुडविले तर व्यापाऱ्याचे दिवाळे निघू नये म्हणून शासनाने हमी घ्यावयाची, अशी ती योजना होती. अशा प्रकारचे ते जगातील पहिलेच सरकारी खाते. १९२१ च्या कायद्याने जहाजबांधणीच्या कर्जांनाही तेथे सरकारी हमी मिळू लागली. म्हणजे राज्यकर्ते एकच. परंतु लंडनच्या व्यापाऱ्यामागे सरकारी तिजोरी उभी होती आणि मुंबईच्या व्यापाऱ्यामागे त्याचे नशीब.

भाड्याचे युद्ध

‘लॉयल्टी’ जुनी बोट होती. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, प्रवासी आणि माल पुरेसा मिळेना. अखेर १९२३ मध्ये ती मोडीत काढावी लागली. दरम्यान कंपनीने इंग्लंडमधून मालवाहू बोटी विकत घेतल्या होत्या. त्या किनाऱ्यावर आणि ब्रह्मदेशाच्या मार्गावर फिरू लागताच खरी झुंज सुरू झाली.

समोर होते लॉर्ड इंचकेप. १९१४ मध्ये पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्या एकत्र आल्यावर हिंदी महासागराचा बहुतेक व्यापार त्यांच्या मुठीत आला होता. टपाल वाहून नेण्याचे सरकारी कंत्राट त्यांच्याकडे होते. म्हणजे बोट रिकामी गेली तरी काही उत्पन्न निश्चित. इतकेच नव्हे, तर हिंदुस्थान सरकारचा खर्च कसा कमी करावा हे सुचविण्यासाठी १९२२ मध्ये जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपदही इंचकेप यांच्याकडेच होते.

त्यांचे दुसरे शस्त्र होते लांबणीवरचा परतावा. त्याची रीत साधी, पण पक्की होती. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत आपला सारा माल संघातील कंपन्यांच्याच बोटींनी पाठवावयाचा. मग त्याने भरलेल्या भाड्यापैकी शेकडा १० च्या आसपास रक्कम त्याच्या नावे जमा होई. ती मात्र पुढील मुदतही एकनिष्ठ राहिल्यावरच हाती पडे. एखादी गासडी जरी स्वदेशी बोटीने पाठविली तरी साचलेला परतावा बुडाला. वर्षभराचा परतावा अडकलेला असताना कोणता व्यापारी असा धोका पत्करील? देशप्रेम असूनही अनेकांचे हात बांधले गेले, ते असे.

याच काळात सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव इंचकेप यांच्याकडून आला. भागधारकांचे पैसे बहुतांशी सुटले असते. कंपनीचे समभाग उतरले होते, युद्धोत्तर मंदी पसरली होती, आणि ज्यांनी विश्वासाने पैसे गुंतविले त्यांत साधी माणसेही होती. त्यांचे नुकसान थांबविणे हाही धर्मच होता. दुसरीकडे, ही कंपनी विकली असती तर पुढील कित्येक वर्षे कोणी हिंदी माणूस समुद्रावर पैसा घालण्यास धजला नसता. वालचंद आणि त्यांचे सहकारी विक्रीस तयार झाले नाहीत.

मात्र न विकण्याची किंमत द्यावी लागली. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाच्या बोटींच्या वजनावर मर्यादा पडली, आणि परदेशी मार्ग सोडून किनारा व ब्रह्मदेश एवढ्यावरच समाधान मानावे लागले. ज्या कंपनीची पहिली बोट थेट इंग्लंडला गेली, तिलाच दूरचा समुद्र वर्ज्य झाला. हा करार मानहानीचा होता, यात शंका नाही. पण कंपनी जिवंत राहिली. दुकान बंद करण्यापेक्षा अर्धे फळ्या लावून उघडे ठेवणे शहाणपणाचे असते, कारण ऋतू पालटल्यावर ग्राहक उघड्या दुकानाकडेच वळतो.

कायदेमंडळाच्या दारी

बाजारात जे मिळत नव्हते ते कायद्याने मिळवावे, हा पुढचा मार्ग होता. १९२३ मध्ये नेमलेल्या व्यापारी नौदल समितीने किनारी व्यापार क्रमाक्रमाने हिंदी बोटींसाठी राखून ठेवावा अशी शिफारस केली. सरकारने त्यातील एकच भाग खुल्या मनाने स्वीकारला : हिंदी तरुणांना नौकानयनाचे शिक्षण देणारी ‘डफरिन’ ही बोट १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाली. अधिकारी तयार होऊ लागले. त्यांनी चालवावयाच्या बोटींचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी किनारी व्यापार राखीव करणारे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. वालचंदांनी आणि व्यापारी संघटनांनी त्यामागे आपले बळ उभे केले, तरी ते विधेयक कायद्यात उतरले नाही. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई करणारी कलमे घालण्यात आली. त्यांत जहाजांचा उल्लेख निराळ्या कलमात होता.

एकट्या व्यापाऱ्याचा आवाज दरबारात पोहोचत नाही हे ओळखून वालचंदांनी संघटनांवर भर दिला. १९२७ मध्ये ते इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष होते. त्याच साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे ते एक प्रमुख प्रवर्तक. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि पुढे त्याचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि सिंदियाची धुरा वालचंदांच्या खांद्यावर आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. १९३० च्या दशकात सिंदियाने हज यात्रेकरूंसाठी बोटी सुरू केल्या आणि कोकण किनाऱ्यावर फेऱ्या करणारी बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीही आपल्या हाती घेतली.

शेती, साखर आणि तीन कारखाने

समुद्रावर झुंज चालू असताना जमिनीवरचे कामही थांबले नव्हते. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथील माळरान घेऊन त्यांनी ऊसशेती केली. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. रावळगावच्या गोळ्या तर घरोघरी पोहोचल्या.

१९३९ मध्ये ते मोटारींच्या कारखान्यासाठी अमेरिकेत गेले. या कारखान्याच्या कल्पनेला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे पाठबळ होते. क्रायस्लर कंपनीशी करार झाला. परक्या देशाचे तंत्रज्ञान घ्यावे, पण मालकी आणि व्यवस्था आपल्या हाती ठेवावी, हे त्यांचे धोरण होते. परदेशी भांडवलाला त्यांचा आंधळा विरोध नव्हता. ते कोणत्या अटींवर येते याकडे त्यांचे लक्ष असे. हिंदुस्थान सरकारने मात्र युद्धकाळात या कारखान्यास साहाय्य नाकारले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्याच अमेरिकेच्या दौऱ्यात विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाची भेट झाली आणि विमानांच्या कारखान्याचे बीज पडले. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि २५ लाख रुपयांचे भांडवल दिले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तेथे जोडलेले पहिले विमान उडाले. मोटारीला नकार देणाऱ्या सरकारने येथे भांडवल घातले, कारण युद्धासाठी त्याला विमानांची दुरुस्ती हवी होती. आणि १९४२ मध्ये जपानी संकट जवळ येताच कारखाना पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतला. सरकारी मदत ही सरकारच्या गरजेप्रमाणे येते, उद्योजकाच्या नव्हे, हा धडा यातून मिळाला.

तिसरा कारखाना जहाजांचा. कोलकात्यास मनाजोगती जागा मिळेना म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. एप्रिल १९४२ मध्ये त्या बंदरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम विस्कळीत झाले. तरी चिकाटी सुटली नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे आठ हजार टनांचे जहाज पाण्यात उतरले.

स्वराज्यातील हिशेब

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाजवळ जेमतेम दोन लाख टनांच्या बोटी होत्या. १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाच ते सात वर्षांत २० लाख टनांचे उद्दिष्ट सुचविले. किनारी व्यापार संपूर्ण, ब्रह्मदेश व सिलोनसारख्या शेजाऱ्यांशी चालणारा व्यापार तीन चतुर्थांश आणि दूरदेशींचा निम्मा आपल्या बोटींतून व्हावा, असे तिचे म्हणणे होते. ज्यासाठी वालचंद पाव शतक झगडले, ते आता राष्ट्राचे धोरण झाले. सिंदियाच्या बोटी पुन्हा इंग्लंड-अमेरिकेकडे जाऊ लागल्या.

तथापि धोरण कागदावर मान्य होणे आणि ताळेबंदात उतरणे यांत अंतर असते. भारतात बांधलेली बोट इंग्लंडमधील बोटीपेक्षा महाग पडे. हा फरक सरकारने सोसल्यावाचून कारखान्यास कामच मिळेना. अखेर १९५२ मध्ये विशाखापट्टणमच्या कारखान्याची बहुसंख्य मालकी सरकारकडे गेली. परदेशी मार्गांसाठी १९५० मध्ये सरकारने ईस्टर्न शिपिंग कॉर्पोरेशन काढली. तिचे ७४ टक्के भांडवल सरकारचे होते आणि व्यवस्थापन सिंदियाचे. तिच्यातूनच पुढे १९६१ मध्ये भारतीय नौवहन महामंडळ आकारास आले. विमाने, जहाजे आणि दूरचा समुद्र या तिन्ही क्षेत्रांत वालचंदांनी पाया घातला आणि इमारत राष्ट्राची झाली.

हे सारे पाहण्यास त्यांची प्रकृती साथ देत नव्हती. पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची अखंड शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडल्याला तीन दिवसांपूर्वीच ३४ वर्षे पूर्ण झाली होती.

मागे उरलेले संचित

त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९५७ मध्ये, भारत सरकारने निर्यातदारांसाठी जोखीम विमा महामंडळ स्थापन केले. आजची ईसीजीसी ती हीच. परदेशी खरेदीदाराने पैसे थकविले तर छोट्या निर्यातदारालाही तिचा आधार मिळतो. १९८२ मध्ये एक्झिम बँक आली. इंग्लंडच्या व्यापाऱ्याला १९१९ मध्ये लाभलेली सोय भारतीय व्यापाऱ्याला ३८ वर्षांनी लाभली. आज कापडाचा एखादा व्यापारी आफ्रिकेला किंवा आखातात माल धाडून रात्री निश्चिंत झोपतो, तेव्हा त्या निश्चिंतीमागे केवढी वाट तुडविली गेली आहे याची जाणीव ठेवणे उचित होय.

सिंदिया कंपनी मात्र कायम टिकली नाही. १९८० च्या दशकात कर्जाचा भार वाढून ती खालावत गेली. ज्या सरकारी साहाय्यासाठी तिचे संस्थापक झगडले, त्याच साहाय्यातून घेतलेली कर्जे तिला पेलली नाहीत, हेही सत्य इतिहासाने नोंदविले आहे. मदत मिळणे निराळे आणि मदतीच्या आधारे स्वतःच्या पायावर उभे राहणे निराळे. लक्ष्मी चंचल आहे आणि पर्याय क्षणोक्षणी पालटतात, हे जैन दर्शनाने आपल्याला शिकविलेलेच आहे.

कंपन्या येतात आणि जातात. पुरुषार्थ मागे राहतो. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापुरातील वालचंद व हिराचंद नेमचंद यांच्या नावाची महाविद्यालये आजही सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना शिकवीत आहेत. २००४ मध्ये भारत सरकारने वालचंदांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या टपालाचे कंत्राट परक्या बोटींना पोसत होते, त्याच टपालावर अखेर त्यांची मुद्रा उमटली.

व्यापार हा केवळ नफ्यातोट्याचा खेळ नसून समाजाच्या स्वावलंबनाचे साधन आहे, ही जाणीव या श्रावकाने आयुष्यभर जपली. विकून मोकळे होण्याची संधी समोर असताना, अपमानाचा करार पत्करूनही त्यांनी बोट समुद्रावर ठेवली. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.